डोळ्यांदेखत काढलेलं तेल

फिलोमिना भिंगारदिवे यांनी नगरच्या एका कॉलेजात एकतीस वर्षं रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत परिचर म्हणून काम केलं. बाटल्या धुवायच्या, द्रावणं भरून ठेवायची, मुलांनी फोडलेल्या काचा वेचायच्या. दरवर्षी पहिल्या वर्षाची मुलं साबण बनवण्याचं प्रात्यक्षिक करायची आणि तास संपला की तो साबण कचऱ्याच्या डब्यात जायचा. तो टाकताना फिलोमिनाबाईंच्या जिवावर यायचं. निवृत्त होऊन त्या नवऱ्याच्या गावी, मिरजगावजवळच्या वस्तीवर राहायला आल्या आणि पहिल्याच हिवाळ्यात त्यांनी घरी साबण केला.

त्याला निमित्त झालं त्यांच्या नवऱ्याच्या, आमोस गुरुजींच्या पायांचं. थंडी पडली की गुरुजींच्या नडग्या कोरड्या पडायच्या, खाजवून खाजवून रक्त यायचं. दुकानातला एकही साबण त्यांना मानवत नव्हता. शेवटी ते नुसत्या पाण्यानं अंघोळ करू लागले, तेव्हा फिलोमिनाबाई म्हणाल्या की आता मीच करून बघते.

पद्धत त्यांना तोंडपाठ होती. कॉस्टिक सोडा पाण्यात विरघळवून थंड होऊ द्यायचा, मग तो तेलात ओतून दाट होईपर्यंत घोटायचा, लाकडी पेटीत ओतायचा, दुसऱ्या दिवशी वड्या कापायच्या आणि दीड महिना फळीवर सुकू द्यायच्या. चूल पेटवायची नाही, काही उकळायचं नाही. फक्त वजन चुकता कामा नये. प्रत्येक तेलाला कॉस्टिक वेगवेगळं लागतं. खोबरेलाला सगळ्यात जास्त, शेंगदाण्याच्या तेलाला कमी, एरंडेलाला त्याहून थोडं कमी. हिशोबापेक्षा कॉस्टिक जास्त पडलं तर ते साबणात तसंच राहतं आणि कातडी भाजतं. म्हणून त्या तेल ग्रॅमवर मोजायच्या आणि कॉस्टिक मुद्दाम थोडं कमीच घालायच्या.

गुरुजींना तो साबण मानवला. महिन्याभरात नडग्यांच्या भेगा मिटल्या. शेजारणींनी विचारलं, मग वस्तीवरच्या चार-पाच घरांत वड्या गेल्या. उन्हाळ्यापर्यंत वीसेक बायका साबण मागू लागल्या. सगळ्यात जास्त कौतुक केलं ते गोजरबाईंनी. गोजरबाई म्हणजे बांधाला बांध लागून असलेल्या शेताच्या मालकीण, बहात्तरी पार केलेल्या, सहसा कुणाला चांगलं न म्हणणाऱ्या. त्यांनी भिशीच्या बायकांसमोर सांगितलं की साबण घ्यायचा तर मास्तरीनबाईचा घ्या.

मागणी वाढली तसं खोबरेल कमी पडायला लागलं. फिलोमिनाबाईंनी नगरहून एका व्यापाऱ्याकडून पंधरा लिटरचा डबा आणला. डब्यावर नारळाचं झाड होतं, तेलाला वास होता, रंग स्वच्छ होता. त्या डब्यातून त्यांनी जुलैत एकदम साठ वड्या केल्या आणि श्रावणात वाटल्या.

तिसऱ्या दिवशी सकाळी गोजरबाईंची सून आरती धापा टाकत आली. तिच्या मुलीची, सात वर्षांच्या संस्कृतीची मान आणि काख लालभडक झाली होती, दोन ठिकाणी साल निघालं होतं. फिलोमिनाबाई तशाच पळत गेल्या. संस्कृती ओसरीवर ओला फडका मानेला धरून बसली होती. रडून रडून तिचा आवाज बसला होता. गुरुजींनी मोटारसायकल काढली, आरती आणि पोरीला मिरजगावच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी मलम दिलं, आठ-दहा दिवसांत बरं होईल म्हणाले, पण साबण दाखवा असंही म्हणाले.

घरी गोजरबाई चुलीपाशी बसून राहिल्या होत्या. फिलोमिनाबाई समोर बसल्या. 

मग गोजरबाई खाली बघत म्हणाल्या, "म्याच चोळला तिला. झोंबतंय झोंबतंय म्हनत हुती. अन् म्या म्हनलं, गप, मास्तरीनबाईचा साबन हाय, त्यानं कुटं झोंबतंय."

 फिलोमिनाबाई म्हणाल्या, "चूक माझी आहे, मावशी. कुठं झाली ते मी शोधून काढणार."

"काडा," गोजरबाई म्हणाल्या. "पन आता आमच्या दारात साबन आनू नका."

त्याच दुपारी फिलोमिनाबाईंनी वस्तीवरच्या प्रत्येक घरी जाऊन साठपैकी त्रेपन्न वड्या परत आणल्या. उरलेल्या सात वड्या बायकांनी कपड्यांना, भांड्यांनाही वापरून संपवत आणल्या होत्या. त्यातल्या दोघींचे हात फुटले होते, त्यांना वाटलं होतं ते कांदे निवडल्यानं. घरी आल्यावर फिलोमिनाबाईंनी एक वडी ओली केली, बोट त्यावर फिरवलं आणि बोट जिभेच्या टोकाला लावलं. विजेचा झटका बसावा तशी जीभ चरकली. त्यांनी चूळ भरली आणि पायरीवर बसून राहिल्या.

ही जिभेची चाचणी त्यांना माहीत होती. आधीच्या प्रत्येक खेपेला त्यांनी ती केली होती. या खेपेला केली नव्हती, कारण वजनं नेहमीचीच होती, पद्धत नेहमीची होती आणि बायका वाट बघत होत्या. प्रयोगशाळेत एखाद्या मुलानं असं केलं असतं तर त्यांनीच त्याला टोकलं असतं.

संध्याकाळी गुरुजी म्हणाले की आता पुरे झालं. आपल्या दोघांपुरता कर, गावाचं राहू दे.

"आपल्या दोघांपुरता केला," फिलोमिनाबाई म्हणाल्या, "तर गावात एवढंच राहील, की हिच्या साबणानं पोरीची मान भाजली. आणि का भाजली ते मलाही कळणार नाही."

गुरुजींनी पुन्हा तो विषय काढला नाही.

फिलोमिनाबाईंनी आधी वजनकाटा तपासला. किराणा दुकानातल्या काट्याशी ताडून पाहिला, बरोबर होता. वही उघडून आकडे पुन्हा मांडले, तेही बरोबर होते. कॉस्टिक त्याच बरणीतलं, शेंगदाण्याचं तेल त्याच दुकानातलं. बदललं होतं फक्त खोबरेल. त्यांनी डब्यातलं तेल वाटीत घेऊन फ्रिजमध्ये ठेवलं. खोबरेल थंडीत पांढरं दगडासारखं गोठायला पाहिजे. सकाळी वाटीच्या तळाशी पांढरा थर होता आणि वर पातळ, पाण्यासारखं तेल तरंगत होतं.

बाईंना संशय खरा वाटला, पण संशयावर त्यांना थांबायचं नव्हतं. त्यांनी तेलाची एक बाटली भरली आणि एस.टी.नं नगरला, आपल्या जुन्या कॉलेजात गेल्या.

विभागात आता सृष्टी मॅडम शिकवत होत्या. बारा वर्षांपूर्वी त्या इथेच विद्यार्थिनी होत्या, आणि एकदा त्यांच्या हातावर आम्ल सांडलं तेव्हा फिलोमिनाबाईंनीच त्यांचा हात वीस मिनिटं नळाखाली धरून ठेवला होता. सगळं ऐकून मॅडम म्हणाल्या की तेलाचा साबणीकरण अंक काढू, म्हणजे नक्की कळेल. ठरावीक तेल अल्कलीत तासभर उकळायचं आणि तेलानं किती अल्कली खाल्ली ते आम्लानं मोजायचं, अशी ती रीत.

"तुम्ही बसा बाई, मी करते," मॅडम म्हणाल्या.

फिलोमिनाबाईंनी पिशवी टेबलावर ठेवली. "मॅडम, मी एकतीस वर्षं हे बघितलंय. ब्युरेट धुतलीय, भरून दिलीय. एकदा मला करू द्या."

 सृष्टी मॅडमनी स्वतःचा पांढरा कोट काढून बाईंना दिला.

फिलोमिनाबाईंनी तेल तोललं, फ्लास्क उकळत्या पाण्याच्या भांड्यावर चढवले, शेजारी तेल न घातलेला एक फ्लास्क तुलनेसाठी ठेवला. तासाभरानं दर्शकाचे दोन थेंब टाकले, द्रावण गुलाबी झालं. त्या ब्युरेटची तोटी एका हातानं फिरवत, दुसऱ्या हातानं फ्लास्क हलवत उभ्या राहिल्या. शेवटी शेवटी एकेक थेंब सोडला. गुलाबी रंग एकदम नाहीसा झाला. त्यांनी आकडा वाचला, लिहिला, आणि सगळं पुन्हा दोनदा केलं. तिन्ही आकडे जवळजवळ सारखे आले. सृष्टी मॅडमनी गणित तपासलं.

"एकशे एकतीस," त्या म्हणाल्या. "खोबरेलाचा अडीचशेच्या वर यायला पाहिजे. बाई, यात निम्मं खोबरेलच नाहीये. बिनवासाचं खनिज तेल असणार. त्याचा साबण होतच नाही, म्हणून त्याच्या वाटणीचं कॉस्टिक तसंच राहिलं."

मॅडमनी त्यांना पुन्हा पुन्हा सांगितलं की तुमची काही चूक नव्हती. फिलोमिनाबाईंनी कोट घडी घालून परत दिला आणि म्हणाल्या की निम्मी होती. मी जिभेला लावून बघितलं असतं तर वडी घराबाहेर गेलीच नसती.

त्या व्यापाऱ्याकडे गेल्या. तो म्हणाला, लोक हे तेल डोक्याला लावतात, आजवर कुणाची तक्रार नाही, हवा तर दुसरा डबा घेऊन जा. बाईंनी दुसरा डबा घेतला नाही. मॅडमनी सही करून दिलेला कागद जोडून त्यांनी सरकारी कचेरीत भेसळीचा रीतसर तक्रार अर्ज दिला, पोच घेतली आणि संध्याकाळच्या गाडीनं परत आल्या. वाटेत त्यांनी मनाशी पक्कं केलं की यापुढे दुसऱ्याच्या डब्यावरचं चित्र बघून तेल घ्यायचं नाही. आपल्या डोळ्यांदेखत निघालेलं तेलच साबणात जाईल, आणि तसं मिळालं नाही तर साबण होणार नाही.

बोलायला हे सोपं होतं. मिरजगावात राधाकृष्ण यांचा विजेच्या मोटारीवर चालणारा लाकडी घाणा होता. शेंगदाण्याचा प्रश्न तिथं सुटला. फिलोमिनाबाईंनी दसऱ्याच्या सुमारास नव्या शेंगा घेतल्या, वस्तीवरच्या एका बाईकडून त्या फोडून घेतल्या आणि दाणे घाण्यावर नेले. दाणे पडल्यापासून तेलाचा शेवटचा थेंब निघेपर्यंत त्या उपड्या डब्यावर बसून राहिल्या. राधाकृष्णांना आधी राग आला. माझ्यावर भरवसा नाही का, म्हणाले. बाईंनी त्यांना संस्कृतीची हकिकत सांगितली. त्यानंतर त्यांनी स्वतःच बाईंना बसायला खुर्ची आणून दिली.

खोबरेल अवघड होतं. नगर जिल्ह्यात नारळ कुठला? फिलोमिनाबाईंनी घाऊक बाजारातून सुक्या खोबऱ्याच्या वाट्यांचं पोतं आणलं, एकेक वाटी फोडून बुरशी लागलेल्या बाजूला काढल्या आणि उरलेल्या घाण्यावर नेल्या. राधाकृष्णांनी घाणा रिकामा करून, पुसून, एक दिवस फक्त त्यांच्यासाठी राखला. तेल निघालं तेव्हा सगळ्या गल्लीत वास सुटला.

मग त्यांनी साबण करून पाहिले, पण विकायला नाही. प्रत्येक तेलाचा वेगळा, एकाच तेलाचा, छोटासा. त्यांना कुणाचं ऐकून नाही, स्वतः बघून ठरवायचं होतं की कुठलं तेल साबणात काय करतं. शेंगदाण्याचा साबण मऊ झाला, दीड महिन्यानंतरही नख रुतत होतं, फेस थोडा आणि बुळबुळीत, पण हात धुतल्यावर कातडी नरम राहायची. खोबरेलाचा दुसऱ्याच दिवशी खणखणीत वाजायला लागला, फेस ढीगभर, पण गुरुजींनी दोनदा पाय धुतले आणि नडग्या पुन्हा पांढऱ्या पडल्या. तिसरा साबण करडईच्या तेलाचा होता, आणि तो राधाकृष्णांच्या आग्रहाखातर. त्यांचं म्हणणं असं की आपल्या भागाचं खरं तेल करडईचं. जिराईत रानात पिकतं, कुणी विचारत नाही म्हणून लोकांनी पेरणं सोडलं. करडईचा साबण निघाला तर घाण्यालाही बरं आणि शेतकऱ्यालाही बरं. बाईंना ते मनापासून पटलं होतं.

शेंगदाणा आणि खोबरेल एकत्र करून त्यांनी वेगवेगळी मापं घालून बघितली. सत्तर-तीसचं मिश्रण बरं जमलं. कडक होतं, कातडी ओढत नव्हतं. पण फेस यायचा आणि लगेच बसायचा. आधीच्या साबणात तो टिकायचा, कारण त्यात त्या औषधाच्या दुकानातलं एरंडेल थोडं घालत होत्या. म्हणजे एरंडेल पाहिजेच होतं.

त्यांनी राधाकृष्णांना विचारलं. ते हसायला लागले. "बाई, घाण्यात एरंडी घातली तर लाकूड ते तेल पितं. त्याच्यामागून शेंगदाणे गाळले अन् गावानं भजी खाल्ली, तर सकाळी सगळी तांब्या घेऊन पळतील." एरंडीसाठी वेगळा घाणा लागतो आणि तो त्यांच्याकडे नव्हता. जवळपास कुणाकडेच नव्हता.

गुरुजींनी सुचवलं की एरंडेल तेवढं दुकानातून घ्यावं, कॉलेजात तपासून. बाई म्हणाल्या की ही बाटली तपासेन, पुढच्या बाटलीचं काय. आणि त्या एरंडी शोधायला निघाल्या.

ओढ्याच्या कडेला पूर्वी एरंडाची झुडपं माजलेली असायची. रस्ता रुंद करताना जेसीबीनं बरीच निघून गेली होती. डिसेंबरभर फिलोमिनाबाई दुपारची उन्हं धरून ओढ्यानं, बांधानं हिंडत राहिल्या. सुकलेले घोस कापायचे, अंगणात वाळवायचे, फुटून बिया उडाल्या की गोळा करायच्या. सगळ्यात भरघोस झुडपं गोजरबाईंच्या बांधावर होती. बाई तिथपर्यंत जाऊन थांबल्या. त्या घराची पायरी त्या श्रावणापासून चढल्या नव्हत्या. संस्कृतीची मान बरी झाली हे त्यांना आरतीकडून कळलं होतं. त्यांनी आरतीकरवी निरोप पाठवला की बांधावरच्या एरंड्या घेतल्या तर चालतील का. निरोप आला की बांधावरचं रान आहे, कुणीही घ्यावं.

चार किलो बिया जमल्या. बाईंनी त्यातल्या मूठभर उखळात कुटल्या. नुसता चिकट लगदा झाला, तेल सुटेना. फडक्यात पिळला, फडकं फाटलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा थोड्या बिया घेऊन बसल्या, तेव्हा कुंपणापलीकडून आवाज आला.

"भाजल्याबिगर कुटल्या व्हय?"

गोजरबाई काठी टेकून उभ्या होत्या. किती वेळ उभ्या होत्या कुणास ठाऊक. फिलोमिनाबाई म्हणाल्या, "मला येत नाही, मावशी. तुम्हाला येत असेल तर सांगा."

"सांगून न्हाई जमत," गोजरबाई म्हणाल्या, आणि कुंपणाचं फाटक लोटून आत आल्या. साबणाचं नाव त्यांनी काढलं नाही. बाईंनीही काढलं नाही.

त्या दिवशी सकाळपासून दिवस मावळेपर्यंत दोघी अंगणातल्या चुलीपाशी होत्या. गोजरबाईंनी बिया लोखंडी कढईत मंद आचेवर भाजायला लावल्या, करपल्या की तेल काळं होतं म्हणून हात सारखा फिरता ठेवायला सांगितला. मग कुटायच्या. मग मोठ्या पातेल्यात पाणी घालून तो लगदा उकळायचा, तेल वर येईल तसं पळीनं काढायचं, घाई करायची नाही. शेवटी ते तेल पुन्हा कढईत तापवायचं, तडतडणं थांबलं म्हणजे पाणी संपलं. चोथा त्यांनी स्वतः उकिरड्यावर खोल पुरला. "गुरांनी खाल्ला तर गुरं जात्यात," म्हणाल्या. चार किलो बियांचं जेमतेम पाऊण लिटर तेल निघालं. दाट, पिवळसर, मधासारखं.

जाताना गोजरबाईंनी विचारलं, "ह्याचा अंक काडनार का तिकडं जाऊन?"

आरतीनं घरी सगळं सांगितलेलं दिसत होतं. फिलोमिनाबाई म्हणाल्या, "काढणार. शेंगदाण्याचा, खोबरेलाचा आणि ह्याचा, तिन्हींचा."

तिन्हींचे अंक बरोबर आले. सृष्टी मॅडमनी या वेळी कोट आधीच काढून ठेवला होता.

त्याच आठवड्यात करडईचा साबण फळीवर उलटून बघताना बाईंना त्यावर नारिंगी ठिपके दिसले. नाकाशी धरला तर जुन्या तेलाचा खवट वास. तीन महिनेही झाले नव्हते. मिश्रणात थोडी करडई घातलेल्या वडीवरही बारीक ठिपके उठायला लागले होते. करडईचं तेल हवेनं लवकर खवट होतं, साबणात गेलं तरी त्याचा स्वभाव सुटत नाही. बाई ती वडी घेऊन राधाकृष्णांकडे गेल्या. ते म्हणाले, ठिपक्यानं काय होतं, हळद घाला, दिसणार नाहीत. वडीवर करडईचं नाव तरी टाका.

"खायला याच्यासारखं तेल नाही," बाई म्हणाल्या. "मी घरात हेच खाते. पण साबणात ते टिकत नाही, तर ते घालणार नाही, आणि घातलं नाही तर नाव पण टाकणार नाही."

राधाकृष्ण महिनाभर त्यांच्याशी तुटक वागले. घाण्यावरची खुर्ची मात्र त्यांनी काढली नाही.

जानेवारीच्या मध्यात फिलोमिनाबाईंनी साबण केला. शंभर भागांत साठ शेंगदाण्याचं तेल, तीस खोबरेल, दहा एरंडेल. थंडीनं खोबरेल गोठलं होतं, ते उन्हात ठेवून पातळ करून घेतलं. प्रत्येक वजन दोनदा केलं, दुसऱ्यांदा गुरुजींना वाचायला लावलं. फक्त पंधरा वड्या झाल्या. दीड महिना त्यांनी त्या कुणाला दाखवल्याही नाहीत. फेब्रुवारी संपताना प्रत्येक वडी ओली करून दोन्ही टोकांना आणि मध्ये, अशी तीन ठिकाणी जिभेला लावून बघितली. कुठेही चरका नाही. मग पंधरा दिवस त्या साबणानं त्यांनी रोज स्वतःची मान आणि काख धुतली. गुरुजींनी पाय धुतले.

सोळाव्या दिवशी त्या गोजरबाईंच्या घरी गेल्या. हातात साबण नव्हता. ओसरीखाली उभं राहून म्हणाल्या की साबण झालाय, मी वापरतेय, तुम्ही म्हणाला होतात म्हणून आणला नाही. पण सांगायला आले.

गोजरबाईंनी त्यांना वर बोलावलं. मानेजवळ तोंड आणून नीट बघितलं. "एक द्या," म्हणाल्या. "माज्यापुरता."

त्यांनी आठ दिवस स्वतः वापरला. नवव्या दिवशी, रविवारी, आरतीनं बाईंना बोलावून नेलं. न्हाणीबाहेर संस्कृती परकर पोलका घालून उभी होती आणि जागची हलत नव्हती. साबण बघूनच तिनं मान दोन्ही हातांनी झाकून घेतली होती. आरती चुचकारत होती. फिलोमिनाबाई म्हणाल्या की राहू दे, जबरदस्ती नको, आणि परत फिरल्या.

गोजरबाईंनी त्यांना हातानं थांबवलं. मग त्या पोरीसमोर उकिडव्या बसल्या.

"तवा तू सांगितलं अन् म्या ऐकलं न्हाई," त्या म्हणाल्या. "आता तू म्हनशील तितंच लावायचं. नको म्हनलीस की लगेच पानी."

संस्कृतीनं मानेवरचे हात हळूहळू खाली घेतले. मग तिनं एक हात पुढं केला, तळवा तेवढा. गोजरबाईंनी तळव्यावर फेस केला आणि थांबल्या. पोरीनं फेस फुंकला. मग मनगट दिलं, मग कोपर. मान तिनं त्या दिवशी दिली नाही. पुढच्या रविवारी दिली.

चैत्रात बायकांनी पुन्हा साबण मागायला सुरुवात केली. पुण्यात राहणाऱ्या कुणाच्या तरी बहिणीनं दुकानासाठी महिन्याला दोनशे वड्या विचारल्या. फिलोमिनाबाईंनी वही काढली, घरात एरंडेल किती आहे ते बघितलं आणि तीस होतील म्हणून कळवलं. तिकडून उत्तर आलं की एरंडेल आम्ही पाठवतो, चांगल्या कंपनीचं. बाईंनी आभार मानले आणि पुन्हा तीसच कळवले. तिकडच्यांनी तीस घेतल्या.

राधाकृष्ण आता बोलू लागले होते. खोबऱ्याच्या दिवशी ते घाण्यावर दुसरं कुणाचं काम घेत नसत, आणि कुणी विचारलं तर सांगत की आज बाईंचं तेल आहे.

आषाढाच्या सुरुवातीला पाऊस उघडून जमीन वाफशावर, पेरण्याजोगी आली तेव्हा गोजरबाईंनी आरतीला आणि फिलोमिनाबाईंना बांधावर नेलं. ओढ्याकडच्या बाजूला जेसीबीनं मोकळी केलेली लांबच लांब पट्टी पडून होती. पेरायला बिया त्यांनी पदरात बांधून आणल्या होत्या. दोन हातांवर एक खड्डा, खड्ड्यात दोन बिया, असं सांगून त्या दगडावर बसल्या. फिलोमिनाबाई पहिला खड्डा खुरप्यानं करत होत्या, तो उथळ झाला.

"आनखी खोल," गोजरबाई म्हणाल्या, "न्हाईतर चिमन्या काडत्यात."

बाईंनी खुरपं पुन्हा जमिनीत घातलं.